पंधरावी सही

४ मार्च

दादा,

हे पत्र मी शिक्षकखोलीतल्या तुझ्या खणात ठेवणार आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी तुझा तो समजावणीचा आवाज मला ऐकायचा नाही. तू वरच्या मजल्यावर विज्ञान विभागप्रमुख, मी तळमजल्यावर प्रयोगशाळा सहायक. मधल्या बावीस पायऱ्या मी चढणार नाही आणि तू उतरायच्या नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी ही नोकरी तूच लावून दिलीस, हे मला माहीत आहे. वहिनी दर सहा महिन्यांनी आठवण करून देतात, त्यामुळे विसरायची सोयच नाही.

माझ्या लेकीला तू प्रकल्पात शून्य दिलंस. वीसपैकी शून्य. अकरावीच्या एक्केचाळीस मुलांत एकटीला. कारण लाल शाईत लिहिलंस, ‘नियम क्रमांक चारचा भंग.’

तुझं नियमपत्र मी परत वाचलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी तू ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं होतंस, तेव्हा मी मागे काचेची भांडी पुसत होते. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असा भरजरी शब्द तू वापरलास, आम्ही खालच्या मजल्यावरचे एआयच म्हणतो. नियम एक, माहिती शोधायला चालेल. नियम दोन, भाषा सुधारायला चालेल. नियम तीन, जे काही वापरलं ते शेवटी खुलासापानावर लिहायचं. नियम चार, निरीक्षणं आणि निष्कर्ष यांत चालणार नाही. सगळं ठीक आहे, मला एकही नियम वाईट वाटला नाही.

आता माझ्या पोरीने काय केलं ते ऐक, कारण तू तिला विचारलंही नाहीस. प्रकल्प होता गरम पाणी निवण्याचा. दर दोन मिनिटांनी तापमान घ्यायचं, दीड तास. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी वही घेऊन बसली. तिच्या आलेखात मधेच एक सपाट तुकडा आला. चोविसाव्या मिनिटापासून तिसाव्या मिनिटापर्यंत पाणी निवलंच नाही. तिला चैन पडेना. तिने एआयला विचारलं, असं का झालं असेल. त्याने तीन कारणं सांगितली, त्यांतलं एक होतं, जवळ काही गरम आणून ठेवलं होतं का बघा. ती मला विचारायला आली. आणि दादा, मी तिथे कपड्यांची इस्त्री ठेवली होती. तापलेली, भांड्याला अगदी खेटून.

तिने हे सगळं खुलासापानावर लिहिलं. काय विचारलं, काय उत्तर आलं, मग आईला काय विचारलं. बाकी चाळीस जणांची खुलासापानं कोरी होती. त्यांना अठरा, एकोणीस, वीस.

सुट्टीतल्या संशोधन वर्गासाठी शाळेतून पाच नावं जातात. सातवीपासून ती त्या पाचांत यायचं म्हणते आहे. यादी एकतीस मार्चला जाणार. शून्यावर ती पाचांत तर सोड, पंचवीसांतही नाही. तूच तिला लहानपणी प्रश्नपत्रिका म्हणायचास, कारण दिवसभर प्रश्न. आता तिने एक प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला तर तू तिचा निकाल लावलास.

मला माहीत आहे तू हे का केलंस. भाचीला सोडलं असं कोणी म्हणायला नको. तुझ्या नावाला डाग लागायला नको, मग आमची वाट लागली तरी चालेल. ही खोड तुझी जुनीच आहे. मी अकरावीत असताना तुझ्या वहीतून एक गणित उतरवलं होतं. एक. बाबांनी विचारलं आणि तू ‘हो, उतरवलं’ म्हणालास. बाबांनी दुसऱ्या दिवशी माझं सायन्स बंद केलं. तू खोटं बोलला नव्हतास. तू कधीच बोलत नाहीस, आणि त्याची किंमत नेहमी दुसरं कोणीतरी मोजतं.

मी तुला विनंती करत नाही. फक्त कळवते आहे की या वेळी मी गप्प बसणार नाही.

तुझी बहीण

९ मार्च

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. छापील, सही आणि शिक्क्यासह. ‘नियम सर्वांना सारखा आहे.’ सख्ख्या बहिणीला शिक्का मारून पाठवतोस, कमाल आहे तुझी.

बरं. सर्वांना सारखा, तर सर्वांना लावून बघू.

परवा प्रकल्पांचा गठ्ठा कपाटात ठेवायला माझ्याकडे आला. ठेवायच्या आधी मी चाळला. शिपाई म्हणाला, “ताई, तुम्ही कशाला वाचताय, सरांनी तपासलेत.” मी म्हटलं, “म्हणूनच वाचतेय.”

फेब्रुवारीत मुलांचे प्रकल्प चालू होते त्या पंधरवड्यात माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर तापमान होतं एकतीस. मी रोज सकाळी फळ्यावर लिहिते, तुझ्याच आदेशाने. घरोघरी तेच असणार, एखादा अंश इकडेतिकडे. आणि तुझ्या हुशार मुलांचं पाणी कितीवर येऊन थांबलंय? पंचवीसवर. एकतीसच्या खोलीत ठेवलेलं पाणी आपोआप पंचवीसवर जाऊन बसलं. एकाचं नाही, दुसऱ्याचं नाही, पानामागून पान पंचवीस. यंत्राला त्यांनी सांगितलं, गरम पाण्याचे आकडे दे. त्याने एखादी गारेगार खोली धरली आणि दिले. खोली किती गरम आहे हे त्याला कोणी सांगितलंच नाही, कारण सांगायला पाण्यापाशी कोणी बसलंच नव्हतं.

आणि तू त्यावर लिहिलंस, ‘सुबक आलेख. १९.’ एवढी वर्षं विज्ञान शिकवतोस ना? मी एकटी बसून इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन आला.

मग मी साहित्याची नोंदवही काढली. थर्मामीटर आठ, प्रत्येकावर नंबर. सही केल्याशिवाय एकही बाहेर जात नाही. ताप बघायच्या थर्मामीटरने हा प्रयोग होत नाही, तो बेचाळीसच्या वर जात नाही, तेव्हा ती पळवाटही नको. त्या पंधरवड्यात सह्या किती? चौदा. एक्केचाळीसमधून चौदा गेले, उरले सत्तावीस. सत्तावीस जणांनी थर्मामीटरला हात न लावता तापमान घेतलं, आणि तुझ्या पहिल्या पाचांतले चौघं त्यातलेच आहेत.

हे सगळं मी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवणार आहे. मुख्याध्यापिका म्हणून त्यांना कळायला हवं की त्यांचा विभागप्रमुख खुलासापान सोडून काही वाचत नाही. जो लिहितो त्याला मारायचं आणि जो लपवतो त्याची पाठ थोपटायची, असा तुझा नियम. पुढच्या वर्षी एक तरी मूल खरं लिहील असं तुला वाटतं?

पाच दिवस देते. शून्य स्वतःहून मागे घे. नाहीतर चारचौघांत तुझं नाक कापल्याशिवाय मी राहणार नाही.

तुझी बहीण

१६ मार्च

दादा,

पाच दिवस झाले, तू हललाही नाहीस. काल मी मोठ्या बाईंना भेटले. प्रकल्प दाखवले, फळ्यावरच्या तापमानांची माझी वही दाखवली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, “आकडे विचित्र आहेत खरे. पण कुणाच्या घरी एसी असेल. थर्मामीटर कोणी नेलंच नाही, हे कागदावर दिसतं का?” मी म्हटलं, “दिसतं.” बावीस तारखेला बैठक आहे. तुला बोलावणं आलंच असेल.

नोंदवही मी त्यांना परवा देणार आहे. तिची शिवण सुटली आहे, पानं निघतात, ती नीट शिवून मगच द्यावी म्हटलं.

आणि हो, मागच्या पत्रात मी घाईत सत्तावीस लिहिलं होतं. ते सव्वीस आहेत. सह्या पंधरा आहेत. बेरीज-वजाबाकीत मी पहिल्यापासून कच्ची, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

काल दुपारी वहिनी प्रयोगशाळेत येऊन गेल्या. दारातच उभ्या राहिल्या.

“अगं, दोन दिवस नीट जेवले नाहीत ते.”

“मग मी काय करू? थर्मामीटर देऊ का लावायला?”

“असं काय बोलतेस. भाऊ आहे तुझा. निवृत्तीला तीन वर्षं राहिली.”

“माझ्या पोरीचं आयुष्य पुढे पडलंय वहिनी. तीन वर्षांचं काय घेऊन बसलात?”

“ते म्हणतात, मी तिचं पान वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. पण नियम मीच केला, तो पहिल्यांदा घरच्याच माणसावर आला, तर मी काय करायचं होतं?”

अभिमान वाटला होता म्हणे. तो लाल शाईत कुठे दिसला नाही. वहिनींना मी म्हटलं, हे त्याला माझ्या तोंडावर येऊन सांगू दे. त्या मान खाली घालून गेल्या. मला जरा वाईट वाटलं, पण ते तुझ्याबद्दल नव्हतं.

बावीसला भेटू. तू चांगला शर्ट घालून ये, पालक प्रतिनिधी पण येणार आहेत.

तुझी बहीण

२३ मार्च

दादा,

झालं.

रात्री छान झोप लागली. किती दिवसांनी.

बाईंनी तुला विचारलं, “सर, शेवटचं तापमान तुम्ही बघितलं नाहीत?” आणि तू म्हणालास, “मी आधी खुलासापान बघतो. ते कोरं असलं की पुढे आलेख.” पालक प्रतिनिधीने तर कपाळाला हात लावला. तुझे कान लाल झाले. बाबा ओरडायचे तेव्हा माझे असेच व्हायचे, तू शेजारी उभा राहून बघायचास. काल मी बघत होते.

सव्वीस जणांनी आता प्रयोग माझ्यासमोर, प्रयोगशाळेत, दीड तास बसून परत करायचा. निवड समितीतून तुझं नाव काढलं. तुझं नियमपत्र मागे घेतलं, नवीन नियम करायला पाच जण नेमले आणि त्यांत मी आहे. प्रयोगशाळा सहायक, हो. मी काय मांडणार ते आत्ताच सांगून टाकते. मुलाने एआयला विचारलं तर काय विचारलं ते लिहावं, आणि लिहिलं म्हणून त्याचा एकही मार्क जाऊ नये. पाण्यापाशी मात्र स्वतःच बसावं. एवढंच. चार कलमांची गरज नव्हती.

लेकीचा प्रकल्प दुसऱ्या सरांनी तपासला. वीसपैकी सतरा. यादीत ती चौथी आहे.

सह्या केलेल्या मुलांना बाईंनी एकेक करून आत बोलावलं आणि सही ओळखायला लावली. पंधराही जणांनी ओळखली. तूही नोंदवही हातात घेतलीस, पानावर बोट ठेवून बराच वेळ बघत बसलास. मला वाटलं, आता काहीतरी शंका काढशील. काढली नाहीस. काढायला तुझ्याकडे उरलं काय होतं?

आज तू वर्गावर जाताना जिन्यात दिसलास. मान खाली. मला बरं वाटलं, लपवत नाही.

तुझी बहीण

२७ मार्च

दादा,

आज सकाळी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर थर्मामीटर नंबर चार, बरोबर माझं नऊ मार्चचं पत्र, आणि तुझी चिठ्ठी. या वेळी शिक्का नाही. ‘हे थर्मामीटर तीन फेब्रुवारीपासून माझ्या टेबलावर होतं. नेताना सही करायची राहिली. तुझं पत्रही परत करतो, ते माझ्याकडे असायला नको.’

मी स्टुलावर बसले ती तासभर उठले नाही. शिपायाने दोनदा विचारलं, मी त्याच्या अंगावर ओरडले.

म्हणजे तुला बैठकीतच कळलं होतं. नोंदवहीत लिहिलंय, पाच फेब्रुवारी, नंबर चार, आणि पुढे माझ्या लेकीची सही. ज्या दिवशी नंबर चार तुझ्या टेबलावर पडलेला होता. आणि चौदाच सह्या आहेत असं माझ्या हस्ताक्षरातलं पत्र तुझ्या खणात होतं. तू दोन वाक्यं बोलला असतास तर मी तिथल्या तिथे आडवी झाले असते.

तुला कळलंच आहे तर आता लिहूनच टाकते. पंधरावी सही मी केली. शिवण बिवण काही सुटली नव्हती. बाईंनी वही मागितली त्या रात्री मी नावं परत मोजली आणि माझी लेकच त्यात नाही हे दिसलं. दिसणार कशी? नव्या खोक्यातलं, अजून नंबर न पडलेलं थर्मामीटर मीच तिच्या हातात दिलं होतं. आपलंच आहे, घरीच जातंय, सही कशाला. जगाला सही करायला लावणारी मी. आणि तू पण तसाच, बहिणीचीच प्रयोगशाळा म्हणून उचलून नेलंस. म्हणून मला नोंदवहीत चार नंबर मोकळा दिसला.

तिने प्रयोग केला होता, दादा. मी इस्त्री ठेवली तेव्हा ती तिथे बसली होती. पण वही दाखवली असती तर ती सत्तावीसांतली एक ठरली असती, आणि वही मागे घेतली असती तर तू सुटला असतास. तू सुटणं मला सहन होणार नव्हतं. हे खरं कारण आहे. पोरीचं नाव मी पुढे केलं, पण हात चालला तो तुझ्यावरच्या रागाने.

तिला मी काही सांगितलं नव्हतं. बाईंनी वही पुढे केली, “ही सही तुझी?” तिने सहीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तुझ्याकडे, कारण तू तिच्याकडेच बघत होतास. आणि म्हणाली, “हो बाई.”

ते मी तुला मागच्या पत्रात नीट लिहिलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

तू का गप्प बसलास? मी तुझा हा उपकार मागितला नव्हता. आयुष्यभर नाकाने कांदे सोललेस, आणि नेमका त्या दिवशी तुला भाऊ व्हायचं सुचलं? अकरावीत तू खरं बोललास तेव्हा माझं सायन्स गेलं. परवा गप्प बसलास तेव्हा माझी पोर खोटं बोलली. तुला वेळ म्हणून कळत नाही. बोलला असतास तर माझी नोकरी गेली असती आणि मी तुला जन्मभर शिव्या दिल्या असत्या, आणि ते मला जमलं असतं. आता काय करू मी या थर्मामीटरचं?

उत्तर देऊ नकोस.

३० मार्च

दादा,

उद्या यादी जाणार. लेकीने चार दिवस बॅग भरायला काढली नाही. दोन महिन्यांसाठी जायचं, आधी यादी करायला लागते, तिला याद्या करायचा केवढा सोस. मी विचारलं तर म्हणे, बघू. काल रात्री जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, मामाने तुला शून्य दिलं होतं, आता बघ कसं तोंडघशी पडला. ती ताटात बघत म्हणाली,

“शून्य मिळालं तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते, मी खरं लिहिलं म्हणून मिळालं. आता सतरा मिळालेत, आई. ते कसे मिळाले म्हणून सांगू?”

तुला बडबडायला मला पाच पत्रं पुरली नाहीत, आणि पोटच्या पोरीला मात्र मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

मग तिला सगळं सांगितलं. नंबर चारचं, तुझ्या चिठ्ठीचं. तिने विचारलं, “मामाला माहीत होतं आणि तो बोलला नाही?” मी हो म्हटलं. ती रडली. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तो राग मी कुठे ठेवू ते मला कळत नाही.

आज अकरा वाजता मी नोंदवही घेऊन बाईंकडे जाते आहे. सही मी केली असं लिहून नेलंय. नोकरी बहुतेक जाईल. तिची जागाही जाईल, कारण आता तिचा प्रयोग कागदावर कुठेच नाही, तिच्या माझ्याशिवाय कोणी बघितलेला नाही, आणि माझ्या शब्दाला आता काय वजन. ती म्हणते, “‘हो’ मी म्हटलं होतं, ‘नाही’ पण मीच म्हणणार.” तयार होऊन दारात उभी आहे. मी तिला ये म्हटलं नाही आणि नको म्हणायची हिंमत झाली नाही.

सव्वीस मुलांनी काय केलं ते मी तरीही सोडणार नाही, आणि तुझी १९ची शेरेबाजीही नाही. मी तुला माफ केलेलं नाही. अकरावीसाठी नाही, शून्यासाठी नाही आणि त्या गप्प बसण्यासाठी तर मुळीच नाही.

हे पत्र शिपायाच्या हाती पाठवते, म्हणजे अकराच्या आत तुला मिळेल. वाचून जागेवरच बस. बाईंकडे येऊ नकोस. तू समोर असलास तर मला रडू फुटेल, आणि ते मी तुला बघू देणार नाही.

तुझी बहीण